मिलीला दोन रुपये

प्रदर्शनात टेबल घेतलं की त्याबरोबर एक खुर्ची मिळते. एकच. चार बाय दोनचं टेबल, त्यावर पांढरी चादर, मागे ती प्लॅस्टिकची खुर्ची आणि डोक्यावर एक दिवा, ज्याचा सगळा उजेड शेजारच्या सुगंधी मेणबत्त्यांवर पडतो. तीन दिवसांचं भाडं ३००० रुपये, वर विक्रीवर ३० टक्के. या सगळ्यात माझ्या हक्काचं म्हणावं असं काही असेल तर ती खुर्ची. शनिवारी दुपारी मी पाण्याची बाटली भरून परत आले, तर तिच्यावर एक काका बसले होते.

बसले होते म्हणजे नुसते टेकले नव्हते. चपला काढून, पाय माझ्या खोक्यांवर ठेवून, पिशवी मांडीवर घेऊन, बुशशर्टाचं वरचं बटण सोडून बसले होते.

“कोणाची वाट बघताय का काका?” मी विचारलं. पुण्यात ‘उठा’ म्हणायची ही सभ्य पद्धत आहे.

“हो, हिची. आत गेलीय. सगळी टेबलं बघितल्याशिवाय यायची नाही. तुम्ही चालू द्या तुमचं.”

मी चालू द्यावं! माझ्याच टेबलापाशी, उभ्यानं!

कलादालनाचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढच्या दिवाळीला तिथंच टेबल मागायचं आहे. एरवी वर्षभर तिथं जलरंगातले घाट आणि वाडे टांगलेले असतात. दिवाळीच्या आधी मात्र भिंती तशाच ठेवून मधल्या जागेत आम्हाला बसवतात. आम्ही म्हणजे हातानं वस्तू करणारे: मेणबत्तीवाल्या, कापडी पिशव्यावाल्या, गंजिफावाली, वारलीवाला, आणि मी मातीवाली. दारावर ‘स्थानिक कलाकारांच्या हस्तनिर्मित भेटवस्तू’ असा फलक असतो. येणारा तो फलक वाचतो आणि आत येऊन विचारतो, “सवलत किती टक्के?” याला फलक जबाबदार नाही, पुणं जबाबदार आहे. या गावात दर पंधरा दिवसांनी कुठल्या तरी कार्यालयात हातमागाचं ‘भव्य प्रदर्शन व विक्री’ लागतं आणि ते कायम शेवटचे दोन दिवस असतं. त्यामुळे प्रदर्शन म्हटलं की लोक घरूनच भाव पाडून निघतात.

काकांनी थोडा वेळ नुसतं निरीक्षण केलं. मग एक मग उचलला, उलटा केला, बुडावर टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

“सिमेंट?”

“नाही काका, स्टोनवेअर.”

“म्हणजे दगड.”

“माती. १२४० अंशाला भाजलेली.”

“सेल्सिअस?”

“हो.”

“आणि कुंभारवाड्यात पणत्या मिळतात त्या?”

“त्या आठशेच्या आसपास.”

काकांनी माझ्या पणतीखालची चिठ्ठी वाचली. “म्हणजे तुमचं तापमान दीडपट. त्यांची पणती दहा रुपये, तुमची दीडशे. किंमत पंधरापट. तापमान दीडपट, किंमत पंधरापट. बरं.”

हा ‘बरं’ त्यांनी अशा सुरात म्हटला की मला आपण कुठल्या तरी चौकशीसमितीपुढे उभ्या आहोत असं वाटलं. ते वाटणं अगदीच खोटं नव्हतं. काका लेखापरीक्षणातून निवृत्त झाले होते. ही माहिती त्यांनी मी न विचारता दिली, आणि पुढं असंही सांगितलं की निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही मिळत नाही. सोसायटीचे हिशेब तपासायचे, पण तिथल्या सेक्रेटरीनं आता सगळं संगणकावर घेतलं आहे. बोलताना त्यांचा चेहरा खरोखरच पडला. मला क्षणभर दयाही आली. तिथं मी दया करायला नको होती.

एवढ्यात एक तरुण जोडपं आलं. मुलीनं निळा मग दोन्ही हातांत धरला, गालाला लावला. (मग गालाला लावणारं गिऱ्हाईक बहुधा घेतं. हाताळून खाली ठेवणारं घेत नाही. फोटो काढणारं तर कधीच घेत नाही.) मुलानं विचारलं, “मायक्रोवेव्हमध्ये चालेल का?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतून उत्तर आलं. “चालेल हो. पण कशाला? चहा गार व्हायच्या आधी प्यावा माणसानं.”

ती दोघं हसली. काकाही हसले. मी पण हसले. मुलीनं मग खाली ठेवला.

“यात चहा किती मावतो?” ते गेल्यावर काकांनी विचारलं.

“सव्वादोनशे मिली.”

“किंमत साडेचारशे. म्हणजे मिलीला दोन रुपये.” त्यांनी मान हलवली. “आकडा मात्र सुटसुटीत आहे.”

आता काकांमुळे माझं टेबल नाक्यासारखं झालं. खुर्चीतून त्यांना आजूबाजूची टेबलंही दिसत होती आणि दिसेल ते तपासायचं ही त्यांची आयुष्यभराची सवय. डावीकडच्या टेबलावर एक मुलगी सावंतवाडीची गंजिफा घेऊन बसली होती. दशावतारी गंजिफा म्हणजे खेळायच्या पत्त्यांची १२० गोल पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा: एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पानं. ही कला बुडायला आली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्यानं, विशेषतः सत्त्वशीलादेवींनी, उचलून धरली म्हणून टिकली. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये चित्रकार मांडी घालून बसलेले दिसतात. पण १२० पानांचा हातानं रंगवलेला जोड घेणार कोण? खेळ कोणाला येत नाही आणि किंमत ऐकून लोक दोन पावलं मागे सरतात. म्हणून ही मुलगी अवतारांचे राजे चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्यांवर रंगवते. आधी एका आजींनी तिला छळलं होतं: “अगं, देवावर कप ठेवायचा का?” त्यातून ती जेमतेम सावरत होती, तेवढ्यात काकांनी मान वळवली.

“कितीचा सेट?”

“सहाचा आहे काका.”

“सहा? अवतार दहा.”

“हो, पण सेट सहाचाच असतो ना... कपांचा.”

“म्हणजे चार अवतार कमी.” काका खुर्ची घेऊनच थोडे तिकडं सरकले. “कुठले गाळले?”

तिनं बिचारीनं मोजून सांगितलं. वामन, परशुराम, बुद्ध आणि कल्की.

“कल्की ठीक आहे. तो अजून व्हायचा आहे. पण बाकीचे तीन? चिपळूणचं कोणी आलं आणि परशुराम नाही म्हणाला, तर काय सांगाल?”

मुलीला काय सांगायचं ते सुचेना. मला मात्र मनापासून बरं वाटलं, कारण तेवढा वेळ काका माझ्याकडे बघत नव्हते. समोर वारलीवाल्या तरुणाची वेगळीच कथा चालली होती. हा डहाणूकडचा. त्यांच्याकडे लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ आणि मध्ये पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांनी हे भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि इथं एक बाई त्या तरुणाला विचारत होत्या, “हेच मोरपिशीत आहे का? आमचा सोफा मोरपिशी आहे.” तो शांतपणे म्हणाला, “ऑर्डर द्या, करू.” मी त्याच्याकडे आदरानं बघितलं. मला हे साधत नाही. मला ग्लेझचा रंग बदलायला सांगितलं की मी आधी रसायनशास्त्र सांगते आणि ते संपेपर्यंत गिऱ्हाईक रस्त्याला लागलेलं असतं.

उजवीकडे मेणबत्त्यांचं टेबल. त्याबद्दल मी बोलणार नाही. फक्त एवढंच, की त्या बाईंच्या टेबलावरचा तो पैसे आल्याची दवंडी पिटणारा डबा शनिवारी दुपारी बंदच होईना. “दोनशे रुपये प्राप्त झाले.” “तीनशे पन्नास रुपये प्राप्त झाले.” माझ्याही टेबलावर तसाच डबा होता. तो गप्प होता. मधून मधून “नेटवर्क उपलब्ध नाही” एवढंच सांगायचा, म्हणजे त्याचा आवाज ठणठणीत होता, काही अडचण नव्हती.

काका तो आवाज ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी डॉक्टरांच्या आवाजात विचारलं, “तुमची विक्री काय झाली?”

“कालपासून... दोन मग. आणि पणत्यांचा एक सेट भाचीनं नेला. पैसे दिवाळीनंतर देणार आहे.”

“उधारी विक्रीत धरायची नाही. दोन.” त्यांनी खिशातून पेन काढलं. माझ्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड घेतलं आणि उलटं केलं. ही कार्डं मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणून, लिनोवर चित्र कोरून, एकेक हातानं छापलेली. त्या कागदात कपड्याच्या चिंध्या असतात, झाडाचं खोड नसतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगते आणि ते हळवे होतात. काकांनी त्यावर उभी रेघ मारून नावे आणि जमा असे दोन रकाने केले.

“हं. विक्रीकिंमत ४५०. यांचं कमिशन ३० टक्के, १३५. उरले ३१५. माती?”

मी सांगायला नको होतं, पण माणूस इतक्या अधिकारानं विचारतो तेव्हा तोंडून निघून जातं. “वीस रुपयांची.”

“तो वरचा चकचकीत थर?”

“ग्लेझ. पंचवीस. निळ्याला जास्त, त्यात कोबाल्ट असतं.”

“सरासरी पंचवीस. भाजणावळ?”

“दोनदा भाजावं लागतं. आधी कच्चं, मग ग्लेझ लावून. दोन्ही मिळून एका मगाला साठ धरा.”

“गॅस?”

“हो.”

काकांनी चष्म्यावरून बघितलं. “घरगुती सिलिंडर?”

“नाही! एकोणीस किलोचा. व्यावसायिक. पावत्या आहेत.” पावत्यांचं मी का बोलले कोण जाणे. घरी नवऱ्यानं विचारलं तरी मी पावत्या दाखवत नाही.

“छान. खोका?”

“पस्तीस.”

“एकूण १४०. ३१५ वजा १४०, १७५. आता टेबलभाडं ३०००, भागिले विकलेले मग दोन. दीड हजार.” पेन थांबलं. त्यांनी आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आकड्याकडे. “तुम्ही प्रत्येक मगामागे १३२५ रुपये तोट्यात आहात.”

गंजिफावाली आणि वारलीवाला दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“म्हणजे काय,” काका उलगडून सांगायला लागले, कारण मला कळलं नसेल असं त्यांना वाटलं, “गिऱ्हाइकानं एक मग घेतला की तुम्ही त्याला मग देता आणि वर जवळजवळ सव्वातेराशे रुपये देता. फुटतूट अजून मी धरलेलीच नाही.”

“काका, अजून दीड दिवस आहे. विकले जातील.”

“आशा हिशेबात धरता येत नाही.”

“मग तुम्हीच घ्या ना एक,” मी म्हणाले. गमतीनं नव्हे. “तोटा कमी होईल.”

काका विचारात पडले. खरंच विचारात पडले, टाळत नव्हते. “नाही,” ते शेवटी म्हणाले. “तोट्यातल्या माणसाकडून वस्तू घेऊ नये. उद्या तुम्ही बंद पडलात आणि आमचा एक मग फुटला, तर जोडीचा कुठून आणायचा?”

याला उत्तर नाही. मी रात्रभर शोधलं, अजून सापडलेलं नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मला लागलं ते वेगळंच. कार्डावर ‘मजुरी’ असा शब्द त्यांनी लिहिला होता आणि त्यापुढं शून्य.

“काका, मजुरी राहिली.”

“ती धरायची नाही.”

“का?”

“छंद आहे ना तुमचा. छंदाला मजुरी नसते.” आणि मग अगदी प्रेमानं, आपल्या सुनेला सांगावं तसं, म्हणाले, “वेळ छान जात असेल.”

वेळ छान जात असेल! हे वाक्य काकांनी शोधलेलं नाही. ते मला माझ्या आत्यानं ऐकवलंय, मुलाच्या वर्गशिक्षिकेनं ऐकवलंय, भट्टीचा गॅस घेऊन येणाऱ्या माणसानंही ऐकवलंय. मी पूर्वी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे. तेव्हा कोणी म्हणालं नाही की तुझा वेळ छान जात असेल, आणि खरं तर तेव्हाच तो जाता जात नसे. तिथं मी दुपारी चारला दुसऱ्यांदा कॉफी प्यायला जायचे, त्याचेही मला पैसे मिळत. आता मी उभ्यानं माती मळते, त्यातली हवा काढते, चाकावर मग ओढते, दुसऱ्या दिवशी तळ कातते, कान करून जोडते, जोडावर पुन्हा बोट फिरवते. मग तो वाळायला ठेवते, आणि हा सगळा दिवाळीचा माल मला करावा लागतो श्रावण-भाद्रपदात, जेव्हा पुण्यात टॉवेलसुद्धा वाळत नाही. ओल राहिली तर भट्टीत वाफ होते आणि मग फुटतो, आणि एकटा फुटत नाही, शेजारचे दोन घेऊन जातो. वाळता-भाजता दहाएक टक्के आखडतो, म्हणून तेवढा मोठा करावा लागतो. ग्लेझ पातळ झालं तर रंग येत नाही, जाड झालं तर खाली ओघळून मग फळीला चिकटतो आणि मग फळीसकट फेकावा लागतो. भट्टी विझवल्यावर एक अख्खा दिवस उघडायची नाही. घाई केली की टिंग असा आवाज येतो आणि तडा जातो. एवढ्यानंतर जो मग उरतो त्याच्यापुढं शून्य.

मी चाक शिकायला चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला गेले होते. तिथला ग्रामोदय संघ कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केला, तो कुंभाराला त्याच्या हातावर पोट भरता यावं म्हणून. वेळ छान जावा म्हणून नव्हे. नळाचा वॉशर बदलायला माणूस येतो, दहा मिनिटांत तीनशे रुपये नेतो, आणि कोणी त्याला दारात उभं राहून म्हणत नाही की बाबा, तुझं किती छान, हातानं काहीतरी करतोस. त्याला चहा विचारतात. मला म्हणतात, “किती पेशन्स लागत असेल ना!” आणि मग खाली ठेवतात. मेहनतीचं कौतुक हे आपल्याकडे बहुतेक न घेण्याचं निमित्त असतं. ज्याला घ्यायचं असतं तो कौतुक करत नाही, “अजून एक दाखवा” म्हणतो.

आणि मोठ्या ऑर्डरींचं तर सांगूच नका. दिवाळीच्या आधी एखाद्या कंपनीतून फोन येतो. “मॅम, वी लव्ह लोकल. चाळीस मग हवेत, लोगोसकट, गुरुवारपर्यंत.” आज सोमवार असतो. मी सांगते की नुसतं वाळायलाच आठवडा लागतो. पलीकडून विचारतात, “ओव्हनमध्ये नाही का वाळवता येणार?” शेवटी सगळ्यांना स्टीलच्या बाटल्या मिळतात आणि वर सोनपापडीचा डबा, जो पुढं भाऊबीजेपर्यंत चार घरं फिरून कधी कधी मूळ मालकाकडे परत येतो.

असो. माझा पारा चढलेला काकांना कळला नाही, कारण ते पुढचे फुटतुटीचे टक्के विचारत होते. तेवढ्यात काकू आल्या. दोन्ही खांद्यांना पिशव्या, हातात एक आकाशकंदील, आणि त्या पिशव्यांतून येणारा मोगऱ्याचा वास मी ओळखला. तो उजवीकडच्या टेबलाचा होता.

“अहो, उठा. बाईंची खुर्ची आहे ती.”

“हो का?” काका प्रामाणिकपणे दचकले. मग उभं राहून, हात पुढं करून, मला म्हणाले, “बसा की मग. बसा, बसा.” अशा रीतीनं मला माझ्या खुर्चीत बसायची परवानगी मिळाली. काकूंनी एक वाडगा उचलला, “किती नाजूक काम गं,” म्हणाल्या, खाली ठेवला आणि गेल्या. काकांनी ते हिशेबाचं कार्ड खिशात घातलं.

“कार्डाचे आठ रुपये धरले नाहीत तुम्ही,” मी मागून म्हणाले.

“ते जाहिरातखर्चात,” काका चालता चालता म्हणाले.

रविवारी सकाळी अकराला काका पुन्हा आले. बरोबर तिघंजण. सकाळच्या कट्ट्यावरची मंडळी असावीत, चौघांच्याही पायात तेच पांढरे बूट.

“ह्या त्या,” काका म्हणाले.

मी काय म्हणून प्रसिद्ध झालेय ते मला लगेच कळलं. त्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले होते आणि त्यांना कालचा हिशेब मान्य नव्हता. दुसरे सगळ्यालाच नाही म्हणायला आले होते. तिसऱ्यांच्या कानात यंत्र होतं, त्यांना फक्त एवढंच कळलं होतं की इथं चहाचे मग आहेत, आणि ते मला सारखे विचारत होते, “चहा कुठं मिळतो?”

“टेबलभाडं दोन मगांवर कसं टाकता?” बँकवाले काका म्हणाले. “सगळ्या मालावर पसरवा.”

“न विकलेला माल म्हणजे विक्री नव्हे,” आमचे काका. आता मीही त्यांना आमचे म्हणायला लागले होते.

“माल शिल्लक आहे ना? मालमत्ता आहे ती.”

“मालमत्ता? हिला विचारा कोण घेतं ते!”

“मी इथंच आहे,” मी म्हणाले.

“पण मजुरी तुम्ही शून्य कशी धरता?” बँकवाले म्हणाले, आणि मला एकदम त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण पुढचं वाक्य असं: “ह्यांनी नोकरी सोडली असेल तर तो पगार बुडाला, तो खर्चात धरा. काय हो बाई, पगार किती होता?”

चौघांनी माझ्याकडे बघितलं. गंजिफावालीनंही बघितलं. मेणबत्तीवाल्या बाईंनी तर पैसे घेता घेता हात थांबवला. मी पगार सांगितला नाही. आईलाही मी तो कधी खरा सांगितला नव्हता.

“चहा कुठं मिळतो?” यंत्रवाले काका म्हणाले.

मुद्दा पटवायला बँकवाल्यांनी निळा मग उचलला, तोच, गालाला लावलेला. “समजा हा एक मग,” ते म्हणाले. “समजा नाही, आहेच तो एक मग,” म्हणत आमच्या काकांनी त्याचा कान धरला. दोघांनीही आपापल्या बाजूनं ओढला. कान काकांच्या हातात राहिला आणि उरलेला मग फरशीवर गेला.

आवाज मोठा झाला. भिंतीवरच्या जलरंगातल्या वाड्यासमोर उभी असलेली माणसंसुद्धा वळली. कोणी काही बोलेना. मग काकांनी खिशातून ते कार्ड काढलं, पेन काढलं, आणि उभ्या उभ्या लिहिलं: फुटतूट, एक.

“काका, साडेचारशे झाले,” मी म्हणाले.

“साडेचारशे कसे? ती विक्रीकिंमत. विक्री झालेली नाही.” ते कार्डावर बोट फिरवू लागले. “नुकसानभरपाई उत्पादनखर्चानं द्यायची असते. १४०. त्यातून खोका वापरला गेला नाही, त्याचे पस्तीस वजा. १०५.”

“आणि मजुरी?”

बँकवाल्यांनी आमच्या काकांकडे बघितलं. आमच्या काकांनी कार्डाकडे बघितलं. तिथं शून्य होतं, शाईनं लिहिलेलं. लिहिलेलं खोडायचं नाही हा त्यांच्या खात्याचा नियम असणार.

दोघांनी निम्मे-निम्मे देऊ केले, मग साडेबावन्न कसे द्यायचे यावर थोडं झालं, आणि शेवटी बँकवाल्यांनी सगळे दिले. माझा डबा तीन दिवसांत पहिल्यांदाच मोकळ्या गळ्यानं ओरडला: “एकशे पाच रुपये प्राप्त झाले.” सगळ्या दालनात ऐकू गेलं. मेणबत्तीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

मंडळी चहा शोधायला गेली. मी वाकून तुकडे गोळा करत होते, तोच आयोजकांकडची मुलगी वही घेऊन आली. गळ्यात ओळखपत्र, कानाला पेन्सिल.

“ताई, आत्ता एक सेल झाला ना तुमचा? आवाज ऐकला मी. एकशे पाच?”

“तो सेल नव्हता. मग फुटला. हे बघ.” मी तिला कान दाखवला.

“हो, पण अमाऊंट आलीय ना तुमच्याकडे.” तिनं वहीत लिहिलं, मोबाइलवर गुणाकार केला. “तीस टक्के म्हणजे साडेएकतीस. ताई, तुम्ही राउंड ऑफ करून बत्तीसच द्या ना, माझ्याकडे सुट्टे नाहीयेत.”